सत्तावीस नापास करंज

महाळुंग्याच्या कंपनीत नागसेनने एकवीस वर्षं पत्र्याचे ब्रॅकेट तपासले. मग तपासणीच्या टेबलावर कॅमेरा आला आणि त्याला कंपाउंडलगतच्या झाडांवर देखरेखीला धाडलं. हात मात्र जुन्याच वळणाने चालत राहिला. चाळीस करंजांपैकी ज्यांच्या पानांवर फोड किंवा भोकं होती, त्या सत्तावीस झाडांना त्याने लाल टॅग लावले. उरलेल्यांतलं एक तर अगदी नितळ होतं, पानावर साधा डागही नाही. सत्तावीस तोडून त्या जागी या एकाचीच कलमं लावू, ही कल्पनाही त्याचीच. मॅनेजर निरंजन सर खूश झाले. शनिवारी झाडं तोडणारे येणार होते. फक्त नागसेनची सही बाकी होती.

ताथवड्याच्या घरी जेवताना त्याने हे सांगितलं, तशी जीवशास्त्र शिकणारी त्याची मुलगी दीक्षा थांबली.

"पप्पा, झाडं आहेत ती. ब्रॅकेट नाहीत."

"खराब ते खराब. तुमच्या कॉलेजात पास करत असतील."

"पानं खाल्लेली मोजलीत. खाणाऱ्याला कोण खातं, ते मोजलंत?"

"तसा रकाना नव्हता."

"मग आखा की!"

शुक्रवारी सकाळी तो कागद घेऊन झाडांपुढे बसला. सगळी एकाच वर्षी लावलेली, बियांपासून वाढलेली. तरी आठव्याच्या पानांवर फोडच फोड, अळी एकही नाही. फांदीला फांदी लागलेल्या नवव्यावर फोड नाहीत, पण अळ्या भरपूर. शिंपी पक्ष्यांची जोडी दर पाच-सात मिनिटांनी येऊन त्या अळ्या पिल्लांसाठी नेत होती. तेराव्यावर मावा कीड, त्यामागे मुंग्या आणि मावा खाणारे ढालकिडे. नितळ झाडाच्या रकान्यात दुपारपर्यंत दोन मुंग्या भरल्या.

एकदा ब्रॅकेटच्या डायला, म्हणजे साच्याला, केसाएवढा तडा गेला होता, तेव्हा त्या डायचे चार हजार नग भंगारात गेले होते. कलमं म्हणजे एकाच डायचा माल. त्या एका झाडाला झेपणार नाही असा रोग आला, तर कलमांची सगळी रांग जाईल. आणि तोवर शिंपी खाणार काय?

पण हे बोलायचं म्हणजे स्वतःचाच निकाल चुकला म्हणायचं. कॅमेरा आल्यावर त्याच्या जोडीच्या शेखरला कंपनीने घरी बसवलं होतं. नागसेनला ही झाडं मिळाली म्हणून तो टिकला होता.

तो केबिनमध्ये गेला. "सर, सही करत नाही. माझी तपासणी चुकली."

निरंजन सरांनी पेन खाली ठेवलं. "नागसेनभाऊ, असं तुम्ही कधी बोलला नाहीत."

"वेळ आली नव्हती."

"बुधवारी ऑडिट आहे. पानांना भोकं कसली, म्हणून विचारतील."

"मला बोलवा. अळ्या आहेत म्हणून पक्षी आहेत, मी सांगतो."

"नाही पटलं, तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. मग तुम्हाला ठेवायचं कुठे?"

नागसेनने सहीचा कागद तसाच सरांकडे सरकवला. सरांनी झाडं तोडणाऱ्याला फोन लावला आणि शनिवारी येऊ नका म्हणून सांगितलं.

"नुसतं बोलून चालायचं नाही," फोन ठेवत ते म्हणाले. "आकडे लागतील. चाळीसही झाडांचे."

"आठ झालीत," नागसेन म्हणाला आणि उन्हात निघाला.