बाळंतिणीचा डबा

नणंदेकडे न्यायच्या हॉटडिशमध्ये मार्लिसने मीठ दोनदा चाखून घातलं. कोंबडी, रानतांदूळ, वर चीज, सगळं एकाच भांड्यात ओव्हनमध्ये खरपूस भाजलेलं. सॉल्वेगला नावं ठेवायला तिळाएवढीही जागा उरता कामा नये. ज्या दिवसाची वाट बघत ती इतके दिवस गप्प राहिली होती, तो उगवला होता. सॉल्वेग बाळंत झाली होती, आणि तिचं बाळ पीत नव्हतं.

उत्तर मिनेसोटातल्या त्या गावात बाई बाळंत झाली की चर्चमधल्या बायका आळीपाळीने तिच्या घरी जेवण पोचवत. मार्लिसच्या बाळंतपणात कुणी कधी काय न्यायचं हे सॉल्वेगने ठरवलं होतं, आणि ते मधेच मोडलंही तिनेच. मार्लिसची मुलगी ब्रिटा अंगावर नीट ओढेना. मार्लिसच्या छातीला भेगा पडल्या, दुधात रक्ताचे धागे दिसू लागले. शेवटी डेलने, म्हणजे मार्लिसच्या नवऱ्याने, रडणाऱ्या पोरीच्या तोंडात वरच्या दुधाची बाटली दिली. त्या रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीचे कप घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर सॉल्वेग गोड आवाजात म्हणाली होती, "बाटली काय, आमचा डेलही धरेल. आता मार्लिसला रांधायला वेळच वेळ. आपले डबे अंगावर पाजणारीसाठी ठेवू या, नाही का?"

मग तिने आईच्या दुधाचं माहात्म्य सांगितलं. पहिल्या चिकाने बाळ काटक होतं, कान फुटत नाहीत, पोट बिघडत नाही. सगळं खरंच होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. "अर्थात, धीर लागतो," ती शेवटी म्हणाली, "आणि तो काय सगळ्यांच्यात असतो असं नाही."

बायकांनी कॉफीचे कप विसळून ठेवले. तोंडावर बोलायची रीतच नव्हती तिथे. दुसऱ्या दिवसापासून डबे बंद झाले.

पुढे केव्हातरी, दूध पार आटून गेल्यावर, एका डॉक्टरणीने ब्रिटाची जीभ उचलून पाहिली. जिभेखालचा पडदा आखूड होता. पोरीला ओढताच येत नव्हतं, आणि आईच्या धीराचा त्यात काही संबंधच नव्हता. मार्लिसने हे चर्चमध्ये कुणालाही सांगितलं नाही. गोष्ट तिने आतल्या आत राखून ठेवली.

सॉल्वेगने दार उघडलं. तिच्या शर्टावर दुधाचे ओले डाग होते, केस विस्कटलेले.

"कशाला एवढी तसदी घेतलीस! कॉफी घेतेस?"

त्या गावात कॉफीला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणायचं असतं. मार्लिस म्हणाली, "हो. भरून दे."

सॉल्वेग क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. मग कप ठेवून ती बाळाला घेऊन बसली. बाळाने तोंड लावलं, आणि 'टक्, टक्' असा आवाज येऊ लागला. पकड सुटायची, बाळ चिडून रडायचं, पुन्हा झोंबायचं. सॉल्वेग दात आवळून डोळे मिटून घ्यायची.

तो आवाज मार्लिसने ओळखला; ब्रिटाही अशीच ओढायची. तिने कॉफीचा घोट घेतला.

"दुखतं का गं?"

"काच टोचल्यासारखं. नर्स म्हणते, शिकेल हळूहळू. उद्या वजन करणार आहेत. वाढलं नसेल तर... बाटली." शेवटचा शब्द तिने शिवी उच्चारावी तसा उच्चारला.

"धीर धर," मार्लिस म्हणाली. "सगळ्यांच्यात नसतो म्हणा."

सॉल्वेगचा चेहरा लाल झाला. मार्लिसने आणखी कॉफी ओतून घेतली आणि शांतपणे संपवली. बाळाचं रडणं आता चिरकं झालं होतं. तसं रडणं तिने स्वतःच्या घरात ऐकलं होतं, उशीत तोंड खुपसून.

"त्याला काय झालंय ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आधी आर्डिसला फोन लाव. मला ऐकू येईल असा."

चर्चमधल्या आर्डिसला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

"काय सांगू तिला?"

"माझे डबे तू बंद केलेस, आणि ते चूक होतं. एवढंच."

"मार्लिस, बाळ उपाशी आहे गं!"

"माझीही होती."

सॉल्वेगने स्पीकर चालू करून फोन लावला.

"कोण, सॉल्वेग? अगं, केवढं रडतंय ते पोर! पोट दुखतंय का?"

"आर्डिस, ऐक. मार्लिसचे डबे मी बंद करायला लावले होते. चूक झाली माझी. तिचा काही दोष नव्हता."

मग आर्डिस म्हणाली, "अगं बाई! आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. पण म्हटलं, आपण कशाला बोला."

फोन बंद झाला. मार्लिस उठली, हात धुतले, आणि करंगळीने बाळाची जीभ अलगद उचलली. जीभ टाळूकडे जाईना, खाली ओढलेलीच राहिली.

"ब्रिटासारखंच. हा पडदा मोकळा करावा लागतो. दवाखान्यात करतात, फार वेळ लागत नाही. तुझं दूध अजून आहे. माझं तोवर गेलं होतं."

सॉल्वेगने बाळाला उराशी धरलं. तिची नजर मार्लिसवरून रिकाम्या कपावर गेली.

"आल्याआल्याच कळलं होतं तुला."

"हो."

"आणि तू बसून कॉफी प्यायलीस."

"हो."

मार्लिसला वाटलं होतं, या घटकेला काळीज थंड होईल. ते झालंही, पण तेवढ्यात बाळाचा घसा बसला आणि आवाजाऐवजी नुसती हवा येऊ लागली. तिने गाडीची किल्ली उचलली.

"चल. तुला झोप नाही, रस्त्यावर बर्फ आहे. मी चालवते."

सॉल्वेग बाळाला घेऊन मागे बसली. आभाराचा शब्द तिने काढला नाही, मार्लिसनेही त्याची वाट पाहिली नाही. गाव मागे पडलं.

"तुझ्या जागी मी असते ना," सॉल्वेग मागून म्हणाली, "तर कॉफी संपल्यावरही सांगितलं नसतं."

"ठाऊक आहे मला," मार्लिस म्हणाली, आणि तिने वेग वाढवला.