दुसरी नाकपुडी

वरदाच्या गाडीला दोन नाकपुड्या होत्या. पुढच्या जाळीच्या आत, डावी-उजवी, मुठीएवढ्या: दोन टर्बोंची तोंडं. इंजिनात जास्तीची हवा कोंबली जायची ती इथून. नाकपुड्या हा शब्द सासूबाईंचा. डॉक्टर सुलक्षणा, कान-नाक-घसा. क्रॉयडनकडच्या इस्पितळात त्यांनी उभी हयात पोरांच्या नाकातून मणी, वाटाणे आणि बाहुल्यांचे बूट काढण्यात घालवली होती.

गाडी अडुसष्ट सालची शेवी नोव्हा, थेट अमेरिकेतली. तनू पोटात असताना वरदाने ती केंटमधल्या एका तबेल्यातून उचलून आणली, तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरिणीचं बाळंतपण नुकतंच उरकलेलं होतं. मग लंडनच्या पिनरमधल्या घराच्या गॅरेजमध्ये, तनू दुपारी निजली की बेबी मॉनिटर टूलबॉक्सवर ठेवून वरदा वेल्डिंगचा मुखवटा चढवायची. गोधडीला तुकडे जोडावेत तसे झोपेचे ते तुकडे जोडत तिने अख्खी गाडी उभी केली.

आज शर्यतींच्या सीझनचा शेवटचा दिवस. सोमवारी बिल्डर येणार होता. गॅरेजची खोली व्हायची होती, सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते. वरदाने मनापासून हो म्हटलं होतं, गाडी कुणाच्या तरी शेडमध्ये जाणार हे धरून. पण न धावलेली गाडी ताडपत्रीखाली गेली की परत बाहेर येत नाही, हे तिने जुन्या गाड्यांच्या क्लबात कितीदा तरी पाहिलं होतं. एकदा धावली की मग कुठल्याही शेडमध्ये ठेवा, ती धावलेली गाडी. म्हणून आजच.

सकाळी घरासमोर सासूबाईंनी गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार. वरदाने कौतुकाने टर्बोंची झाकणं काढून तोंडं चकचकीत पुसली होती. देवाला दाखवताना झाकून काय ठेवायचं! सासूबाईंनी अक्षता वाहिल्या, तनूनेही आजीच्या ताटलीतून मूठ भरली, आणि मंडळी गाडी ट्रेलरवर चढवून बेडफर्डच्या पुढच्या जुन्या विमानतळाकडे निघाली. तिथल्या धावपट्टीवर आता पाव मैलाच्या शर्यती होत.

"नाइस मोटर, मेट! युअर्स?" शेजारी गाडी लावलेल्या म्हाताऱ्या बॅरीने स्वानंदला विचारलं.

"वाइफची," स्वानंद म्हणाला. "माझं सँडविच डिपार्टमेंट."

इंजिन सुरू करण्याआधी वरदाची एक सवय होती. टर्बोत बोट घालून आतलं पंख्यासारखं चाक हलकेच फिरवून बघायचं. उजवीकडे बोट घातलं आणि किर्र वाजलं. तिने टॉर्च मारला. पात्याच्या फटीत एक लालचुटुक तांदूळ.

मिनिटाला लाखभर फेरे घेणारं चाक. तिथे तांदूळ म्हणजे बंदुकीची गोळी. पातं तुटलं की तुकडे थेट इंजिनात.

"आई, अक्षता."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठे?"

"नाकात."

"आय सेड, तांदूळ कशाला! कॉन्फेटी आणला असता," स्वानंद म्हणाला.

"तू सँडविच बघ," सासूबाई म्हणाल्या आणि पर्समधून डोक्यावरचा दिवा नि लांब चिमटा काढला. महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनाला कुणाचं ना कुणाचं पोर नाकात हरभरा घालतंच, म्हणून ही हत्यारं कायम सोबत. फोल्डिंग खुर्चीत बसून त्या गाडीपुढे वाकल्या. "रडायचं नाही हं," गाडीला म्हणाल्या, आणि पात्याला ओरखडा न पाडता दाणा बाहेर.

वरदाने श्वास सोडला. डावीकडे बोट घातलं. चाक लोण्यासारखं फिरलं. टॉर्चमध्ये काही दिसेना. "ही साफ आहे. चला, हेल्मेट द्या."

"थांब गं. एकीत सापडलं की दुसरी बघायचीच. नाहीतर किती पोरांना एकच मणी काढून घरी पाठवलं असतं मी!" त्या वळल्या. "तनूबाई, गाडीला खाऊ कुठे कुठे दिला?"

तनूने विचार करून दोन्ही हात दोन्हीकडे पसरले. "इथे. आणि इथे. जास्त."

दाणे पात्यांच्या फटींतून चाकापलीकडे घरंगळले असणार. चिमटा तिथे पोचेना. टर्बो उतरवायचा तर दिवस संपणार. वरदाने कपाळावरचा घाम बाहीने पुसला.

"अगं, आईची पापी," सासूबाई म्हणाल्या. "खोल अडकलं की आईला सांगायचं, पोराच्या तोंडाला तोंड लाव, मोकळी नाकपुडी दाब, आणि फुंकर मार. उलटी हवा."

वरदाने टर्बोच्या तोंडाकडे पाहिलं. मग हसली. दोन्ही टर्बोंचे पाइप पुढे एकात मिळत होते. तिने इंजिनाजवळचा तो जोड सोडला आणि बॅरीकडून पानं उडवायचा ब्लोअर मागून आणला. नळी पाइपला लावली. "स्वानंद, उजवी नाकपुडी दाब. घट्ट!"

घर्र झालं आणि डाव्या टर्बोतून अक्षता उडाल्या, झेंडूची पाकळी उडाली, सगळं समोर बसलेल्या सासूबाईंच्या डोक्यावर. तनू टाळ्या पिटत ओरडली, "परत!"

वरदाने परत केलं. मग दाबायची बाजू बदलून परत. रिकामी हवा येईपर्यंत. तोंडांवर जाळ्या बसवल्या, जोड आवळला.

ट्रॅक बंद व्हायच्या बेतात ती रेषेवर उभी राहिली. मागची चाकं पाण्यात भिजवून, जागेवर फिरवून तिने धूर काढला. खांबावरचे पिवळे दिवे एकेक करत खाली उतरले, हिरवा लागला. क्षणभर काहीच नाही. मग दोन्ही टर्बो भरले, आणि कुणी पाठीत गुडघा टेकून ढकलावं तशी गाडी सुटली. कुठेही किर्र नाही. पाव मैल संपला तेव्हा वरदा आत एकटीच मोठ्याने हसत होती. फलकावर अकरा सेकंदांच्या आतला आकडा होता, पण तो तिला नंतर कळला.

परत आली तर सासूबाईंच्या केसांत अजून दोन दाणे होते.

"वरदा, गॅरेज केवढं आहे गं?"

"दोन गाड्यांचं. का?"

"मग बिल्डरला सांग, भिंत मधोमध घाल. एवढ्या खोलीत मी काय बॅडमिंटन खेळणार?" त्या तनूला मांडीवर ओढत म्हणाल्या. "आणि पुढच्या पूजेला झाकणं लावून ठेव."