देवी काढल्याचा दाखला

बिरदेवला पुण्याच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळाला ते साल १९३२. सांगोल्याकडच्या धनगराचा हा मुलगा सोलापुरात राहून मॅट्रिक झाला होता. शाळेची अट होती: देवी काढल्याचा, म्हणजे देवीची लस टोचल्याचा, दाखला आणावा, दंडावरचे व्रण तपासले जातील.

दाखल्यासाठी तो आई केराबाईला घेऊन सोलापूरच्या कचेरीत गेला. देवी काढणारे महिपतराव पूर्वी त्यांच्याच गावाकडे फिरत. त्यांनी जुनी वही काढली. नाव सापडलं. पुढे शेरा होता, ‘देवी काढल्या. व्रण चांगले.’

“दंड दाखव.”

बिरदेवनं बाह्या वर केल्या. दोन्ही दंड कोरे.

केराबाई म्हणाली, “कुटनं असतील? तुमी आला तवा ह्याला घिऊन मी मेंढरांत लपले हुते. थोरली लेक देवीनं गेलेली. टोचलं तर देवीआई कोपंल, असं वाटलं. पर वहीत कुनी लिवलं?”

महिपतरावांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. अक्षर त्यांचंच होतं.

“मीच. काम पुरं झालेलं दाखवायचं होतं. या पानावर अशी सात नावं आहेत.”

बिरदेवनं वही ओढून नावं वाचली. “ही सोनाबाई आमच्या शेजारची. मी दुसरीत असताना देवीनं गेली.”

“मला माहीत नव्हतं,” महिपतराव म्हणाले.

त्यांनी बिरदेवच्या दंडावर लस टोचली. केराबाईनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. आठव्या दिवशी फोड नीट भरला होता, म्हणजे लस लागू पडली होती. त्यांनी त्या दिवसाची तारीख घालून दाखला दिला. मग जुन्या सातही शेऱ्यांवर तांबडी रेघ मारली आणि वही स्वतःच कचेरीतल्या साहेबांपुढे ठेवली.

“बाकीचे पाच जण गावातच आहेत,” बिरदेव म्हणाला. “येडूला तर पोरं झालीत.”

महिपतराव त्याच्याबरोबर गावी गेले. चावडीपुढं उभं राहून त्यांनी आपण काय केलं ते सांगितलं. सोनाबाईचा बाप उठून निघून गेला. चौघांनी टोचून घेतलं, येडूनं पोरांनाही पुढं केलं. पाचव्या बजाबाईनं दार लावून घेतलं. बिरदेवनं बाहेरून दोनदा हाक मारली, तिनं कडी काढली नाही.

महिना संपायच्या आत महिपतरावांची बदली झाली. बिरदेव पुण्याला गेला.