आपोआप लागणारा दिवा

सुट्ट्या लागल्या की वाराबी नदीत पाणी कमी आणि होड्या जास्त दिसतात. जेट-स्कीवाले कानठळ्या बसवत फिरतात, आणि भाड्याच्या होड्यांत बिअरचे खोके भरून शहरातली मंडळी येतात. सुकाणू आयुष्यात पहिल्यांदाच हातात आलेलं असलं तरी त्यांचा रुबाब मात्र कप्तानाचा. नांगर टाकून वर्षानुवर्षं नदीतच राहणारी म्हातारी माणसं या लोकांच्या डोळ्यांत खुपायची. तक्रारी गेल्या आणि नियम आले. एका जागी महिनाभरापेक्षा जास्त नांगर टाकायचा नाही. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत होडीवर पांढरा दिवा हवा. दिव्याची चूक तिसऱ्यांदा झाली की होडी नदीबाहेर.

नियम करणारे ब्रिस्बेनला बसले होते. शिव्या खायला होती नोएलीन ट्रँटर, नदीवरची गस्तवाली. पन्नाशी उलटलेली, उन्हानं रापलेली बाई.

तिला खरी काळजी होती क्लॅरी हॉबडेची. बायको गेल्यापासून हा म्हातारा 'कर्लू' नावाच्या जुनाट होडीवर एकटा राहायचा. जमिनीवर त्याचं कुणी नव्हतं. संध्याकाळी तो डोलकाठीला रॉकेलचा कंदील टांगायचा आणि सकाळी स्वतःच्या हातानं विझवायचा. नांगरावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांची हीच रीत होती. कंदील लागला म्हणजे माणूस ठीक आहे, सकाळी विझला म्हणजे उठला. पलीकडच्या होडीवरची एस्टेल त्याचा कंदील बघितल्याशिवाय जेवायची नाही. पण वारा सुटला की तो मध्येच विझायचा, आणि त्यापायी क्लॅरीला दोन नोटिसा लागल्या होत्या.

"आणखी एकदा विझला ना क्लॅरी, तर मला तुझी होडी ओढून न्यावी लागेल," नोएलीन म्हणाली.

"ने की. मला आत बसवूनच ने, फुकटात सैर होईल."

"चेष्टा पुरे. जाशील कुठं?"

"वृद्धाश्रमात. तिथं रोज जेली देतात म्हणे. दात नसलेल्यांची चैन आहे." एवढं बोलून तो कंदिलाची काच पुसत बसला.

पुढच्या खेपेला नोएलीन पदरचे पैसे घालून सौरदिवा घेऊन आली, अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडलं की आपोआप विझणारा. डोलकाठीला तो तिनं स्वतः पान्यानं आवळून बसवला.

"याला माझी काही गरजच नाही की," क्लॅरी खालून म्हणाला.

"तेच तर! आता तुला कुणी हात लावणार नाही."

"आणि एस्टेल?"

"तिला हा जास्त चांगला दिसेल."

"दिसेल गं, पण..." म्हाताऱ्यानं चहा ओतला. कंदिलाची रीत नोएलीनला ठाऊक होती. ठाऊक असून त्या क्षणी तिच्या ध्यानात आली नाही. आपण एका माणसाचं घर वाचवलं, या आनंदात ती होती.

वरच्या साहेबांना ही युक्ती इतकी आवडली की नांगरावरच्या प्रत्येक होडीला तसाच दिवा सक्तीचा झाला. नोएलीनची पाठ थोपटली गेली.

मग ईस्टरची गर्दी आली आणि तिच्या नाकी नऊ आले. कुणी वाळूत रुतलेला, कुणी नांगराचा दोर दुसऱ्याच्या होडीच्या पंख्यात अडकवलेला. पूर्वी कंदील दिसला नाही की ती लाँच घेऊन क्लॅरीकडे जायची, रागवायची आणि चहा पिऊन यायची. आता संध्याकाळी धक्क्यावरूनच बघायची. 'कर्लू'वर दिवा लागलेला असायचा. म्हातारा बरा आहे म्हणून ती निर्धास्त घरी जायची.

गर्दी ओसरली. 'कर्लू'चा महिना उलटून गेला तरी होडी जागची हलली नव्हती. थेरडा मुद्दाम छळतोय, असं पुटपुटत नोएलीन निघाली. काय काय सुनवायचं ते तिनं वाटेत जुळवून ठेवलं होतं. होडीजवळ गेल्यावर तिनं हाक मारली, पुन्हा मारली. मग वास आला, आणि जुळवलेलं सगळं तोंडातच राहिलं.

क्लॅरी शिडीच्या पायथ्याशी पडला होता.

"खुबा मोडला," डॉक्टरनं नंतर सांगितलं. "जाऊन बरेच दिवस झालेत. पण पडल्याबरोबर गेला नसणार."

"म्हणजे?"

"एखाददुसरी रात्र तरी काढली असेल."

नोएलीन एस्टेलकडे गेली. म्हातारी होडीच्या कठड्याला धरून उभी होती. तिनं नोएलीनला बस म्हटलं नाही.

"मी रोज बघत होते गं," ती म्हणाली. "लागायचा, विझायचा. अगदी वेळेवर. मी म्हटलं, आताशा शहाणा झाला म्हातारा. मी जेवत होते नोएलीन. त्याचा दिवा बघून पोटभर जेवत होते."

"मी बसवला तो."

"माहीत आहे मला."

नोएलीनला रडू आलं, पण तिथं रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. ती लाँचमध्ये येऊन बसली. ऊन उतरलं. 'कर्लू' अजून ओढून न्यायची होती. तिच्यावर कुणी नव्हतं, आणि अंधार पडताच तिच्यावरचा दिवा लागला. मग एस्टेलचा, मग वळणापर्यंतच्या सगळ्या होड्यांवरचे, एकापाठोपाठ एक. नियमाप्रमाणे नदीवर सगळं ठीक होतं. त्यातला कोणता दिवा कुणाचं काय सांगतोय, ते नोएलीनला कळेना.

तिनं लाँच सुरू केली, जवळच्याच आणखी एका होडीला लावली आणि तिच्या फळीवर मूठ आपटली. आतून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा आपटली, जोरात.

"कोण आहे?" आतून खोकत कुणीतरी विचारलं. "दिवा लागलाय ना माझा?"

"लागलाय," नोएलीन म्हणाली. "तुम्ही बाहेर या."