पापणी

चंपाने कापसाच्या काडीवर मुगाच्या डाळीएवढं मलम घेतलं आणि चेतनाची हनुवटी वर उचलली.

"हलू नको. डोळ्यात गेलं तर डॉक्टर मलाच ओरडतील."

"झोंबतंय मम्मी."

"पहिल्यापेक्षा कमी ना?"

चेतनाने जरा विचार केला. "हो. कमी."

चेतना सोळा वर्षांची. जन्मापासून तिची कातडी ताठ, खवल्यांची होती. लाखांत एखाद्याला होणारा आनुवंशिक आजार. चेहऱ्याच्या कातडीने खालच्या पापण्या ओढून धरल्या होत्या, त्यामुळे झोपेतही डोळे अर्धे उघडे राहायचे. पोर झोपली की नाही, हे चंपा तिच्या श्वासावरून ओळखायची. उठल्यावर डोळे कोरडे, लाल. तीन महिन्यांपूर्वी दोघी ऑपरेशनचं विचारायला गेल्या, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून हे मलम दिलं होतं.

"पापणीखालची कातडी सैल पडते का बघू," त्या म्हणाल्या होत्या. "नाहीच पडली तर ऑपरेशन आहे."

त्या शनिवारी चंपा पाळणाघरातलं काम आटोपून दुपारी घाटकोपरच्या खोलीवर आली. चेतना पुस्तक पोटावर ठेवून चटईवर पडली होती. तिचे डोळे मिटलेले होते.

चंपाच्या हातातली पिशवी सुटली. कांदे दारापर्यंत घरंगळले. तिने धावत जाऊन मुलीचे खांदे गदागदा हलवले.

"चेतना! ए चेतना! ऊठ गं!"

"काय झालं?" चेतना दचकून उठली.

"बरी आहेस ना तू?"

"झोपले होते ना यार! काय पण तू, मम्मी." ती कुशीवर वळली. थोड्याच वेळात वरची पापणी खाली आली आणि खालच्या पापणीला टेकली. मध्ये फट उरली नाही.

चंपा तशीच बसून राहिली. मग पाय न वाजवता बाहेर गॅलरीत आली आणि तिने नवऱ्याला फोन लावला. शिवदास गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकाम करायचा. कामाच्या वेळी ती त्याला कधी फोन करत नसे.

"काय गं? काय झालं?" मागे करवतीचा कर्कश आवाज चालू होता.

"काही नाही. चेतना झोपलीये."

"मग?"

"डोळे मिटून झोपलीये."

"थांब, मशीन बंद करतो." आवाज थांबला. "हां, आता परत सांग."