वाळवंटाने वाट अडवलेली मासळी

"कंबर मोडली वाकून वाकून! पाणी रोज खाली का जातंय, देव जाणे," माझ्या डोक्यावरच मबरूक पुटपुटला.

देव जाणे म्हणे! मबरूकइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मी एका जुन्या कुळातली मासळी आहे, बोटभर लांबीची. ट्युनिशियातल्या खजुराच्या बागांमधल्या एका झऱ्यात मी जन्मले. या वाळूच्या जागी कधीकाळी तळी होती, नद्या होत्या. त्यांतून पोहत माझे पूर्वज दक्षिणेकडून आले. मग वाळवंट पसरलं आणि परतीची वाट बुजली. तुमच्या कोकणच्या खाडीतला कालुंदरही आमचाच लांबचा भाऊबंद. खंड फुटले तेव्हा आम्ही पांगलो, असं काही जाणकार म्हणतात. काही म्हणतात, समुद्र पोहून गेलो. मला विचारू नका. माझ्या तोंडात पिल्लं आहेत. आम्ही ती तोंडातच वाढवतो.

मबरूक इथला पाटकरी. तळाला भोक असलेलं मडकं झऱ्यातून भरून टांगायचं. ते रिकामं झालं की एका बागेची पाण्याची पाळी संपली. झरा भरून वाहायचा तेव्हा बायका आम्हाला 'झऱ्याच्या लेकी' म्हणत, भाकरीचा चुरा टाकत. पुढे बागोबाग बोअर झाली. झऱ्याचं डबकं उरलं. तरी मबरूक रोज त्यातूनच मडकं भरी. पाणी वाळूत गळून जाई.

"आज कुणाची पाळी, मबरूक?" वाटेने जाणारं कुणी विचारी.

"झोहराच्या बागेची."

"अरे, तिला जाऊन चार वर्षं झाली!"

"मग तिला घाई नसेल."

लोक हसत आणि निघून जात. त्यांना आपापली बोअर सुरू करायची असे.

त्याची भाची शादलिया टब घेऊन आली. "मामा, मासे गावच्या हौदात सोडते."

"झरा दमलाय जरा. त्याच्या लेकी कुठे उचलून नेतेस?"

तरी ती रोज टब घेऊन येत राहिली.

झरे जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. सांगते. पण खरं म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं. पाणी कोमट होतं, एवढंच.

आज मडक्यात मीही आले. पाणी गळत गेलं. मी तळाशी कुशीवर पडले. तोंड आपोआप उघडलं आणि मोहरीएवढी पिल्लं बाहेर सांडली.

मबरूकने आत डोकावून पाहिलं. मग त्याने अंगठ्याने मडक्याचं भोक दाबून धरलं. पाळी चालू असताना असं त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं.

"शादलिया," तो म्हणाला, "झरा मेला गं."