बिट्टीचे पाय

"हलू नकोस गं. रेघ चुकली की साचा चुकतो."

"गुदगुल्या होतात, बाबा."

"होऊ देत. पाय सरळ."

स्वयंपाकघराच्या फरशीवर खाकी कागद पसरला होता. त्यावर सहा वर्षांची बिट्टी उताणी पडली होती आणि तिचा बाप गुडघे टेकून तिच्या उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवत होता. घोट्यापाशी, पोटरीच्या जाड जागी आणि गुडघ्याखाली खुणा करून त्याने टेप लावली, आकडे लिहिले, मग डावा पाय घेतला. इस्पितळाच्या तळघरात तो दिवसभर हेच करायचा. लुळ्या, वाकड्या, आखूड पायांच्या मुलांसाठी कॅलिपर बनवायचा. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. तिथे त्याला सगळे मापमास्तर म्हणत. बावीस वर्षांत इतके पाय त्याच्या हाताखालून गेले होते, की रस्त्यात पुढे चालणाऱ्या माणसाचा चेहरा न बघता तो त्याच्या कमरेखालचं निदान करून मोकळा व्हायचा. ही खोड आजवर कुणाला नडली नव्हती.

बिट्टीचे पाय तीन आठवड्यांपासून दुखत होते. रोज नाही, दोन-तीन दिवसांआड. दिवसभर पोरगी वानरासारखी उड्या मारायची, जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या तर तिने कधी चालून उतरल्याच नव्हत्या. पण जेवणं उरकून अंथरुणं घातली, की "बाबा, पाय" म्हणून मुसमुसायला लागायची. कधी पोटऱ्या, कधी मांड्या, कधी गुडघ्यांच्या मागे. सकाळी पाहावं तर पुन्हा टुणटुणीत. दुसऱ्या एखाद्या बापाने "एवढं हुंदडत जाऊ नकोस" म्हणून विषय संपवला असता. मापमास्तरच्या डोळ्यांपुढे मात्र तळघरातल्या बाकावर रांगेने बसलेली पोरं यायची. त्यांच्याही आया म्हणायच्या, "सुरुवातीला नुसता पाय दुखायचा हो, मास्तर."

मुलांची डॉक्टर इस्पितळाच्या त्याच इमारतीत, तळघरापासून दोन जिने वर बसायची. मास्तर काही ते जिने चढला नाही. वर गेलं की दुखण्याला नाव मिळणार आणि नाव मिळालं की ते बिट्टीच्या आईला सांगावं लागणार, याची त्याला धास्ती होती.

बिट्टीची आई वर्षभरापासून दुसऱ्या शहरात होती, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. दोघांत भांडण असं झालं नव्हतं. बोलणंच आटत गेलं होतं, आणि मग नोकरीचं पत्र आल्यावर दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. जाताना ती म्हणाली होती, "मला राहायला नीट जागा मिळेपर्यंत बिट्टी तुझ्याकडे. पुढचं मग बघू. तिचं नीट चाललं असेल तर मी उगाच हलवणार नाही." 'नीट चाललं असेल तर' एवढे शब्द त्याने गाठीला बांधून ठेवले. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन यायचा.

"काय म्हणतेय?"

"मजेत."

"जेवली?"

"जेवली."

पूर्वी यानंतर "आणि तू?" असं यायचं. अलीकडे ते येत नसे.

बिट्टीशी बोलून तिने फोन ठेवला, की घरात फक्त फ्रिजचा आवाज उरायचा. मास्तर बोलका माणूस नव्हता. दिवसा बापलेकीचं बोलणं म्हणजे वेणी, डबा, बूट. पण पाय दुखायला लागले की तो तेल कोमट करायचा, तिच्या टाचा मांडीवर घ्यायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू वर सरकत जायचा. तेव्हा पोरीचं तोंड सुटायचं. वर्गात कोण कुणाशी कट्टी आहे, बाईंना हसताना खोकला का येतो, मोठी झाल्यावर ती बस चालवणार की विमान. खरं सांगायचं तर एखादी संध्याकाळ दुखण्याशिवाय गेली, की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग स्वतःची लाज वाटायची.

कॅलिपर त्याने जेवणाच्या सुट्टीत बनवलं. एक नाही, दोन. तळघरात चामडं शिवायला एक ताई होती, तिचं लक्ष गेलंच.

"कुणाचं हो हे, मास्तर? कार्ड नाही लावलेलं."

"आहे एकीचं."

"आणि लाल पट्टा? आपल्याकडे लाल कुठून आला?"

"जुन्या पिशवीचा कापला."

ताईने हातातलं काम ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "पाय वर दाखवलेत का?"

"दाखवू," असं म्हणून त्याने कानस चालवायला घेतली. कानशीच्या आवाजात पुढचं काही ऐकू येत नाही, हा त्यातला फायदा.

काम मात्र असं उतरलं होतं की बघत राहावं. आतून मऊ अस्तर, कडा घासून गुळगुळीत, वजन जवळपास नाहीच. बिट्टी तर हरखलीच. संध्याकाळी ते घालून ती घरभर टकटक करत फिरली आणि झोपतानाही काढू देईना. पायांना आधार मिळाला, आता दुखणार नाही, असं तिच्या बापाला वाटलं. तिसऱ्या दिवशी पाय आखडले. चौथ्या दिवशी ती शाळेत पाय ओढत चालली आणि विचारलं तेव्हा बाईंना अभिमानाने म्हणाली, "माझे पाय खराब झालेत. बाबांनी लोखंडाचे केलेत."

बाईंनी शाळेच्या फॉर्मवरचा पहिला नंबर लावला. तो आईचा होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर रजा काढून बिट्टीबरोबर घरीच होता; दुपारी तिची आई दारात उभी. पाच तासांचा बसप्रवास करून आली होती. पाणीसुद्धा न घेता तिने बिट्टीला जवळ घेतलं, पाय चाचपले, मग कोपऱ्यात उभी असलेली कॅलिपरं उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"कोणत्या डॉक्टरने सांगितलं हे?"

मास्तर पाण्याचा ग्लास भरायला वळला.

"मी विचारतेय, कोणत्या डॉक्टरने?"

"कुणी नाही. मीच."

ती रागाने काही बोलेल म्हणून तो तयारीत होता. ती एवढंच म्हणाली, "चल, चप्पल घाल."

मुलांच्या डॉक्टरने बिट्टीला टेबलावर बसवलं, सांधे वाकवून पाहिले, हाडं दाबली, मग तिला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं.

"दोन्ही पाय दुखतात ना? आणि संध्याकाळीच?"

"हो," मास्तर म्हणाला.

"सकाळी लंगडते? ताप, सूज, लाली? वजन उतरलंय? एकाच जागी बोट ठेवून दाखवते?"

"नाही. हे कॅलिपर घातल्यावर लंगडली, तेवढंच."

"ते पाय आखडल्याने. सुटेल दोन दिवसांत." डॉक्टर हसली. "अहो मास्तर, हे वाढीच्या वयातलं दुखणं. या वयाच्या कितीतरी पोरांना होतं. नाव वाढीचं, पण वाढण्यामुळेच दुखतं असं काही नक्की नाही. दिवसभर उड्या मारतात आणि संध्याकाळी पाय कुरकुरतात. तेल लावून चोळा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, झोपण्याआधी पोटऱ्या-मांड्यांना हलका ताण द्या. फारच रडली तर मला विचारून औषध. आणि तिला सांगा, की पायांना काही झालेलं नाही. एकच पाय दुखायला लागला, सूज किंवा ताप आला, सकाळी लंगडली, तर मात्र लगेच घेऊन या. एवढे दिवस काय केलंत?"

"तेल लावून चोळत होतो."

"मग सगळं बरोबरच करत होतात की!"

मास्तरला हायसं वाटलं. इतकं, की त्याचे डोळे भरून आले आणि तो भिंतीवरचा उंचीचा तक्ता बघत राहिला. पोरगी धडधाकट होती. परतीच्या वाटेवर आखडलेल्या पायांनीच बिट्टी पुढे उड्या मारत चालली होती. तेव्हा तिची आई म्हणाली,

"मला क्वार्टर मिळालंय. महिना झाला. सांगणार होते, पण तुझ्याकडे तिचं बरं चाललंय म्हणून गप्प बसले."

"बरंच चाललंय. ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाली?"

"ऐकलं. दुखणं तुझ्या हातात नव्हतं रे. लपवणं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मी फोनवर 'मजेत' ऐकणार आणि इथे तिच्या पायात लोखंड. मला आता तिथे झोप लागेल का, तूच सांग."

त्याने सांगायचा प्रयत्न केला. बावीस वर्षांत काय काय पाहिलं, ते त्याला सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "मला भीती वाटली."

"मला सांगायचं होतंस. दोघं मिळून घाबरलो असतो."

चाचणी परीक्षा आटोपल्यावर, दोन आठवड्यांनी बिट्टी आईकडे राहायला गेली. मास्तरने तिची बॅग स्वतः भरली. फ्रॉक, रंगपेटी, शाळेचा दाखला. बस सुटताना न्यायला आलेल्या आईच्या मांडीवरून तिने खिडकीतून एवढा वेळ हात हलवला, की शेजारच्या माणसाने वैतागून सीट बदलली.

गेल्यावर चौथ्या दिवशी फोन आला, नेहमीची वेळ टळून गेल्यावर. मागे बिट्टीचं रडणं ऐकू येत होतं.

"पाय दुखताहेत म्हणते. अर्धा तास चोळतेय मी. 'तसं नाही, बाबा करतात तसं,' एवढंच चाललंय. तू काय करतोस नेमकं?"

मास्तर ताटावरून उठला, हात धुतले आणि फोन स्पीकरवर टाकून कॉटवर बसला.

"तेल गरम केलंस?"

"केलंय."

"आधी नुसता तळवा धर तिचा. चोळू नकोस. तुझा हात उबदार लागला पाहिजे." त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि स्वतःचा पाय मांडीवर घेतला. "धरलास? आता टाचेच्या वरून दोन्ही अंगठे. सावकाश. पोटरीला पोचलीस की जरा थांब. तिथे गोळा लागेल हाताला."

"हो, लागतोय."

"त्याच्यावर जोर नाही द्यायचा. नुसतं थांबायचं. आपोआप सैल पडतो. आणि तिला काहीतरी विचार. वर्गातलं, बसमधलं, काहीही. मग तिचं लक्ष राहत नाही."

तिकडून आईचा प्रश्न आला, "नवीन शाळेत शेजारी कोण बसतं गं?" हुंदके हळूहळू विरळ झाले. बिट्टी एका मुलीबद्दल सांगू लागली, जी पेन्सिल खाते. मास्तर ऐकत होता. त्याचे अंगठे सावकाश वर सरकत होते, थांबत होते, पुन्हा टाचेपाशी येत होते.

शब्द तुटक होत गेले, मग थांबले.

"झोपली," ती कुजबुजली. "काढू हात?"

"लगेच नको. जागी होते. पाच मिनिटं तसाच राहू दे."

"बरं." पांघरूण सरकल्याचा आवाज आला. "ठेवते मग."

"ठेव."

फोन बंद झाला. मास्तरचा हात पोटरीवरच होता. पाच मिनिटं होईपर्यंत त्याने तो काढला नाही.